पत्रा



आपल्या कवितेत पत्रा भरपूर आहे. तो तापतो, वाजतो, गळतो, वादळात उडून जातो. पण तो किती गेजचा होता हे लिहिलेलं मला तरी कुठं सापडलं नाही. मी कवी न्हाई. मी पत्रे ठोकतो. लातूर-औसा-निलंग्याच्या पट्ट्यात गेली पंचवीसेक वर्षं हेच काम. मी वर आढ्यावर बसलेला असतो आणि खालून वस्ती प्रश्न विचारत असते. गाव बदलतं, प्रश्न तेच. "भाऊ, पत्र्यानं घरावर इज पडती का?" "उन्हाळ्यात लेकरं निजवायची कशी?" "सव्वीसचा घेऊ का अठ्ठावीसचा?" "वर दगडं ठिवले की झालं न्हाई का?" "गळायलंय, डांबर फासू का?"

सभेला आलेल्या कार्यकर्त्याला हे कुणी विचारत नाही. त्याला मार्क्स की बुद्ध असं विचारतात आणि तोही त्यावर तासभर बोलतो. मग विहाराच्या पत्र्यावर पाऊस येतो आणि भाषण बंद पडतं. तेव्हा तरी त्यानं वर बघावं, म्हणून हे लिहायला घेतलं.

छप्पर ही जातीची खूण आहे. बाबासाहेबांनी गावगाड्याचे अस्पृश्यांसाठीचे अलिखित कायदे नोंदवून ठेवलेत. सरकारने १९८९ साली छापलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथांच्या पाचव्या खंडात ते आहेत. वस्ती गावाबाहेर दक्षिणेला. जमीन, जनावर बाळगणं गुन्हा. स्वच्छ कपडा, पायात जोडा, अंगावर सोनं, गुन्हा. त्याच यादीत एक कलम घराचं आहे: अस्पृश्यानं कौलारू छपराचं घर बांधणं हाही गुन्हा. हे कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हतं, शिक्षा मात्र ठरलेली होती.

आमच्या गावात पाटलाच्या वाड्याला सागवानी माळवद, कुणब्याच्या घराला साध्या लाकडाचं माळवद, आणि आम्हाला गवत, तुराट्या, पाचट. आमच्या बानं कुठल्याशा मोडलेल्या गोदामाचे जुने पत्रे बैलगाडीत घालून आणले. भोकं पडलेले, कडेनं गंज खाल्लेले. तरी गावात बोलणं झालंच, "म्हारवाडा बी आता चकाकाय लागला." चकाकत काहीच नव्हतं. गवताच्या जागी लोखंड आलं एवढंच बघणाऱ्याच्या डोळ्यात गेलं.

जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि वस्त्या पेटवल्या गेल्या. गवताला एक काडी पुरते. माय सांगायची, पत्र्याखालचे वासे जळून गेले, पण पत्रे उरले. काळे, वाकडे. ते राखेतनं ओढून काढले, दगडावर धरून ठोकून सरळ केले आणि दुसऱ्या मेढींवर पुन्हा घातले. विद्यापीठाला नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. तोवर आम्ही त्याच पत्र्यांखाली.

कुणी विचारतं, तुम्ही स्लॅब का टाकत नाही? स्लॅबला पैसा लागतो हे खरं, पण त्याआधी जागा लागते. आपली घरं गायरानावर, नाल्याच्या कडंला, मालकाच्या बांधाला. अतिक्रमण म्हणून पाडलं की स्लॅबचा चुरा होतो. पत्रा उकलता येतो, गाडीत घालून पुढल्या माळावर नेता येतो. पायाखालची जमीन ज्याच्या नावावर न्हाई तो डोक्यावर पत्राच घेणार.

पत्र्याची एक बाजू घेऊनही बोललं पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. माळवद गळू नये म्हणून लोक वर मातीचा थर चढवत जायचे. फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जातं. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला चार किलो भरतो. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती सुटल्या आणि ते सगळं वजन निजलेल्या माणसांवर आलं. हजारो मेले, सगळ्या जातींचे. पुढं गावंच्या गावं पत्र्याच्या शेडात राहिली. वाडेवाले आणि आम्ही पहिल्यांदा एकाच गेजखाली आलो. पत्रा तापतो हे तेव्हा सगळ्या गावाला पटलं. तोवर ती आमच्याच वस्तीची कुरकुर होती.

हलकं छप्पर भूकंपात वाचवतं, पण वादळात तेच हलकेपण नडतं. दगडांचा प्रश्न इथं येतो, आणि याचा हिशोब मी वस्तीत कोळशानं भिंतीवर मांडून दाखवतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला सुमारे ४७ किलोचा जोर लावतो. पत्र्यावरून जाताना तो पत्रा खाली दाबत नाही, वर ओढतो. दहा बाय दहाची खोली म्हणजे नऊ-सव्वानऊ चौरस मीटर. जवळजवळ सव्वाचारशे किलोचा ओढा वरच्या दिशेनं, आणि पत्र्यांचं स्वतःचं वजन चाळीस किलोसुद्धा नाही. त्यावर तुम्ही दहा-दहा किलोचे सहा धोंडे ठेवता. पत्रा जायचा तो जातोच, आणि धोंडा शेजारच्या पाळण्यावर येतो. धोंड्याऐवजी गळ घ्या. पत्रा लाकडाला नाहीतर पाइपाला हुकानं धरलेला पाहिजे, पाइप भिंतीला धरलेला पाहिजे, आणि भिंतीतली लोखंडी पट्टी निदान दोन-तीन फूट खोल गाडलेली पाहिजे. वरच्या विटेत रुतवलेली तार वीट घेऊनच उडते. वाऱ्याच्या तोंडचं दार-खिडकी वादळात लावून घ्या, कारण आत शिरलेला वारा खालून ढकलतो आणि बाहेरचा वरून ओढतो.

आता ऊन. सगळ्यात जास्त हेच विचारतात. चाळीस-बेचाळीसच्या उन्हात पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि चुलीवरचा तवा उलटा टांगल्यासारखी त्याची धग खाली येते. पंखा ती धग घालवत नाही, गरम हवा फिरवतो. मार्चपासून ऊन चढतं आणि परीक्षाही तेव्हाच. बारा ते चार पत्र्याखाली पोरगं पुस्तक उघडून बसतं आणि घाम वहीवर पडतो. ज्याला मेरिट म्हणतात त्याच्या हिशोबात छपराची धग कुणी धरली आहे का? राखीव जागांवर वाद घालणारा माणूस एप्रिलातल्या एका दुपारी आमच्याकडं जेवायला यावा, ताट मी वाढतो.

उपाय आहेत, आणि ते फार महाग नाहीत. पहिला पांढरा रंग. ऊन परतवायचं काम पांढरं करतं. नुसता चुना पत्र्यावर धरत नाही, पावसात धुऊन जातो आणि ओला चुना जस्तालाही चांगला नाही. पांढरा ऍक्रिलिक रंग, तापलेल्या पत्र्यावर नाही, सकाळी लवकर, पत्रा धुऊन वाळवून मग दोन हात. अहमदाबादेत २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा शहराचा आराखडा झाला आणि पुढं तिथल्या गरीब वस्त्यांत छपरं पांढरी करण्याचं काम झालं. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं सरकारी धोरणच केलं. म्हणजे ही आमच्यासारख्या अडाण्याची अक्कल नव्हे.

दुसरा उपाय तट्टीचा. पत्र्याच्या खाली वीतभर अंतर सोडून बांबूची तट्टी बांधा आणि दोन्ही टोकांना ती फट उघडी ठेवा. मधली तापलेली हवा बाहेर निघाली पाहिजे. फट बुजवली तर अर्धा फायदा गेला. कुणी थर्माकोल लावतं. लावू नका. चुलीच्या, दिव्याच्या ठिणगीनं तो पेटतो, वितळून अंगावर पडतो आणि त्याचा धूर माणूस मारतो. पाचट वर टाकून गारवा करणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे: पाचट आगीला बोलावतं, आणि ओलं राहिलं की खालचा पत्रा खातं. तिसरी गोष्ट उंचीची. भिंत दोन फूट वर न्या. विटांचा खर्च आहे, पण आठ फुटांच्या खोलीत आणि दहा फुटांच्या खोलीत निजून बघा.

एक मात्र पत्र्याच्या बाजूनं. दिवस मावळला की तो लवकर थंड होतो, उष्णता धरून ठेवायला त्याच्यात जीवच कमी. स्लॅबवाले रात्री बारापर्यंत भाजत राहतात. आमच्या भागात मे महिन्यात दुपारी आम्ही त्यांच्या सावलीला जातो (जाऊ देतात तिथं) आणि रात्री ते अंगणात येतात.

हिवाळ्यात पत्र्याला घाम येतो. पहाटे थेंब पडतात आणि लोकांना वाटतं भोक पडलं. ती आतल्याच श्वासाची, चुलीच्या वाफेची ओल असते, गार पत्र्याला लागून पाणी होते. हवा खेळती ठेवली की कमी होतं.

खरेदीत आपल्याला सगळ्यात जास्त फसवतात. गेजचा नंबर वाढला की पत्रा पातळ, हे आधी ध्यानात ठेवा. अठ्ठावीसचा सव्वीसपेक्षा पातळ. बरेच जण आकडा मोठा बघून खुश होतात. रंगीत पत्रा आता मिलिमीटरमध्ये विकतात आणि तिथं वेगळीच चलाखी. बोलायला ०.५०, द्यायला ०.४२. डोळ्याला फरक कळत नाही, काट्याला कळतो. सपाट असताना चार फूट रुंद असलेल्या कोऱ्या पत्र्याचा दहा फुटी तुकडा खरा ०.५० चा असेल तर साडेचौदा किलोच्या आसपास भरतो. ०.४२ चा सव्वाबाराच्या आसपास. दुकानदाराला म्हणा, काट्यावर ठेव. तो हसंल. हसू द्या. आमच्या तालुक्यातला एक दुकानदार मला म्हणाला, "तुमच्या लोकांना एवढं कशाला लागतंय?" मी पत्रा काट्यावर ठेवायला लावला, मग त्यानं भाव कमी केला.

जाडीएवढंच जस्त बघा. पत्रा लोखंडाचा, त्याला वाचवतं ते वरचं जस्त. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं, मग लोखंडाची पाळी येते. जस्ताचं माप चौरस मीटरला ग्रॅममध्ये असतं, दोन्ही बाजू मिळून: १२०, १८०, २७५. १२० चा स्वस्त पडतो आणि लवकर गंजतो. रंगीत पत्र्यात रंगाखाली बहुतेक वेळा अॅल्युमिनियम-जस्ताचा थर असतो, त्यात वजनानं ५५ टक्के अॅल्युमिनियम. त्याला ओलं सिमेंट लागू देऊ नका, खातं. भोकं पाडल्यावर पडलेला लोखंडाचा भुसा त्याच दिवशी झाडून काढा, न्हाईतर एका पावसात त्याचे तांबडे डाग आणि डागाखाली भोक. आणलेले पत्रे ओले असताना एकावर एक रचून ठेवू नका, मधे पांढरी बुरशी धरते.

गळतीचं म्हणाल तर बहुतेक गळती पत्र्याची नसतेच, ठोकणाऱ्याची असते. भोक उंचवट्यावर पाडायचं. खळग्यातनं पाणी वाहतं, तिथं भोक पाडलं की तुम्ही पाण्याला वाटच करून दिली. हुकाखाली डांबरी वायसर, स्क्रूखाली रबरी वायसर. स्क्रू एवढाच आवळायचा की रबर बसेल. चेचलं की ते फाटतं आणि दुसऱ्या वर्षी थेंब सुरू. खालीवर दोन पत्र्यांची सांध निदान सहा इंच, उतार कमी असेल तर त्याहून जास्त. आपल्याकडं पावसाचा वारा पश्चिमेकडनं, नैऋत्येकडनं येतो. म्हणून पूर्वेच्या टोकाकडून पत्रे घालत पश्चिमेकडं यायचं. मग प्रत्येक पत्र्याची मोकळी कड वाऱ्याला पाठ करते. हे उलटं घातलेलं घर मी खालूनच ओळखतो. आणखीही एक खूण आहे. आपल्या घरात बाबासाहेबांचा फोटो कुठल्या भिंतीला आहे ते बघा. ती जागा कोरडी असते. बाकी खोलीत पातेली मांडलेली असतात.

वीज. पत्रा आभाळातली वीज ओढत नाही. ती उंची बघते, उघड्या माळावरचं एकटं झाड बघते. पण चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड हा आसरा नव्हे, आणि कडाडत असताना पत्र्याला, लोखंडी मेढीला हात लावून उभं राहू नका. आपल्या वस्त्यांत माणसं मरतात ती दुसऱ्या विजेनं. मीटर मिळत नाही, मग आकडा. आकड्याची वायर पत्र्यावरनं ओढलेली, वाऱ्यानं घासून सोललेली. त्याच पत्र्याला एक तार बांधून तिच्यावर बायका ओले कपडे वाळत घालतात. आमच्या शेजारच्या वस्तीत पावसाळ्यात अशीच एक बाई गेली. लोक म्हणाले, पत्र्यानं मारलं. मीटरचा अर्ज वर्षभर पडून होता हे कुणी म्हणालं नाही. वायर पत्र्याला लागता कामा नये, पाइपातनं न्या. कपड्याला तार नको, सुंभ नाहीतर नायलॉनची दोरी बांधा. पत्र्याला अर्थिंग करा, आणि जमलं तर ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर आपोआप तुटणारं बटण बसवा. मोर्च्यात रस्ता मागताना मीटरही मागा.

सिमेंटचा पत्रा स्वस्त मिळतो, कमी तापतो, म्हणून लोक घेतात. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. जगातल्या साठाहून जास्त देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी कॅन्सर होऊन उठते. घरावर असेल तर त्याला करवत लावू नका, भोकं पाडू नका, झाडूनं घासू नका. फुटला तर पाणी मारून ओला करून उचला. लेकरांना त्याच्या तुकड्यांशी खेळू देऊ नका. आणि त्याच्यावर चालू नका. तो लोखंडासारखा वाकत नाही, एकदम फुटतो. माझ्या धंद्यातली माणसं त्याच्यातनं खाली येऊन मेलीत. चढायचंच असेल तर फळी टाकून, आणि फळी खालच्या पाइपावर आली पाहिजे.

राहिला तो प्रश्न ज्याला माझ्याकडं पाना नाही, हातोडी नाही. माझ्या मावशीचं घर मातीच्या भिंतींचं, एका खोलीचं. ऊसतोडीच्या दोन हंगामांची उचल फेडून उरलेल्या पैशात तिनं गवत काढलं आणि पत्रा टाकला. मीच ठोकला. २०११ ची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली तेव्हा छपराच्या रकान्यात पत्रा लिहिला गेला. त्या पाहणीत गवत, बांबू, माती, प्लास्टिक, हातकौल हे कच्चं. पत्रा आणि सिमेंटचा पत्रा हे काँक्रीटच्या रांगेत, पक्कं. २०१६ ला प्रधानमंत्री आवास योजनेची ग्रामीण यादी आली ती याच पाहणीवरून. बेघर, किंवा दोन खोल्यांपर्यंतचं घर ज्याची भिंतही कच्ची आणि छप्परही कच्चं, असा नियम. सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार. मावशीची भिंत कच्ची होती. छप्पर पक्कं निघालं.

तालुक्याच्या कार्यालयात मी तिच्याबरोबर गेलो. साहेब कागद बघून म्हणाले, "आजी, तुमचं घर पक्कं आहे." मे महिना होता. त्यांच्या डोक्यावर स्लॅब, स्लॅबखाली खोटं छत, कोपऱ्यात कूलर. मावशी म्हणाली, "साहेब, मंग दुपारी येऊन बसा की त्या पक्क्यात." बाहेर आल्यावर पायरीवर बसून मला म्हणाली, "बाबा, आता पत्रा काढून परत गवत टाकू का? टाकलं तर मिळंल का?"

म्हणजे बघा. कौल घातलं तर गावाचा गुन्हा होता. पत्रा घातला तर सरकारच्या कागदावर आपण वर चढलेले. दोन्हीकडं सोयीचं एकच, आपण गवताखाली असणं.

२०१८-१९ मध्ये यादीतून सुटलेल्यांची पुन्हा नोंद झाली. तेव्हा वस्तीतली दोन कॉलेजची पोरं पाहणी करणाऱ्याच्या मागं लागली. प्रत्येक रकाना त्यांनी मोठ्यानं वाचायला लावला. भिंत कशाची, खोल्या किती, छप्पर कशाचं. पत्र्याखाली मेढी आहेत, भिंत मातीची आहे, हे त्याला आत नेऊन दाखवलं. काही नावं नोंदली गेली. मावशीचं नोंदलं. घर अजून आलेलं नाही. ग्रामसभेत यादी वाचतात त्या दिवशी ती पोरं कामाला न जाता हजर राहतात, एवढं मला माहीत आहे, कारण मजुरी बुडते म्हणून त्यांच्या आया माझ्याकडं तक्रार करतात.

मागच्या मृगाआधी मी मावशीकडं जाऊन सगळे वायसर बदलून आलो. पश्चिमेच्या कडेचे चार हुक ढिले झाले होते, ते नवे घातले. सांधेत सहा इंच होते ते आठ केले. ती खाली भाकरी थापत होती. मधेच उठून आली, वर बघून म्हणाली, "पांढरा रंग किती लागंल रं?" मी म्हटलं, एका खोलीला चार लिटर धर, दोन हातांना. तिनं बोटांवर हिशोब केला आणि म्हणाली, "दिवाळीच्या उचलीत बघू."